कप्तानांची वेगळी चूल

स्टोव्ह काढून गॅस बसवायचा, एवढंच काम होतं. ‘अर्ध्या दिवसाचं काम,’ असं कप्तान म्हणाले तेव्हा त्यांच्या बायकोने वर्तमानपत्रातून मान वर केली, त्यांच्याकडे एकवार पाहिलं आणि पुन्हा मान खाली घातली. लग्नाला पस्तीस वर्षं झालेल्या बाईला ‘अर्ध्या दिवसाचं काम’ या शब्दांचा अर्थ चांगला ठाऊक असतो. घरातलं कपाट रंगवायचं कामही अर्ध्या दिवसाचंच होतं. त्याला आता सहा वर्षं झाली, आणि कपाटाचा डावा दरवाजा अजून जुन्याच रंगात आहे.

तर कप्तान. सगळे त्यांना कप्तान म्हणतात, ते स्वतःही हाक आली की वळून बघतात, पण त्यांनी आयुष्यात जहाजावर नोकरी केलेली नाही. त्यांनी एकतीस वर्षं एका छापखान्यात मुद्रितं तपासली. दुसऱ्याने लिहिलेलं, तिसऱ्याने जुळवलेलं, आणि चौथ्याने कधीच न वाचलेलं असं सगळं काही त्यांच्या लाल पेनाखालून गेलं. निवृत्त झाल्यावरही ते पेन त्यांच्या खिशातच राहिलं. दुकानाच्या पाट्या, औषधाच्या बाटलीवरची सूचना, जिन्यात लावलेली पाण्याच्या टाकीची नोटीस, कशाचीच सुटका नव्हती. कप्तानपद मिळालं ते बोटीमुळे. बोट तीन माणसांची. चौथा चढला तर पहिल्याने उतरावं हे बरं. विकत घेतली तेव्हा तिच्या नाकाडावर तिचं नाव रंगवलेलं होतं, पण त्यात वेलांटीची चूक होती. कप्तानांनी त्याच दिवशी ते खरवडून काढलं. शुद्ध लिहून घ्यायला रंगारी काही मिळाला नाही, त्यामुळे तेव्हापासून बोट बिननावाचीच आहे.

बोटीच्या पोटात एक खोली, म्हणजे बसलं तर खोली आणि उभं राहिलं तर डोक्याला टेंगूळ. त्या खोलीच्या कोपऱ्यात रॉकेलचा पितळी स्टोव्ह होता. त्याच्या तब्येतीपुढे भल्याभल्यांनी हात टेकले असते. आधी वाटीत स्पिरिट घालून त्याला तापवायचं, मग पिन मारायची, मग पंप मारायचा, मग तो फुरफुरायचा, मग भडका उडायचा, मग विझवायचा, आणि मग पुन्हा पहिल्यापासून. चहा होईपर्यंत चहा पिण्याची इच्छा मेलेली असायची. आणि वास! गाद्यांना वास, दोरांना वास, साखरेलासुद्धा वास.

बोट घेतली त्या पहिल्या उन्हाळ्यात बायको चारपाच वेळा आली. मग एका रविवारी म्हणाली, “तुम्ही जाऊन या. मला तो वास सोसत नाही.” त्या गोष्टीला अकरा वर्षं झाली. अकरा वर्षं कप्तान दर रविवारी एक पिशवी घेऊन धक्क्यावर जातात, बोटीवर बसतात, दोर सोडतात, दोर बांधतात, चहा करतात आणि एकट्यानेच पितात. समोरच्या बाकावर दुसरा कप उलटा घालून ठेवलेला असतो. नोकरी होती तोवर या एकटेपणाला आराम म्हणता यायचं. निवृत्त झाल्यावर मात्र कप्तानांना त्या उलट्या कपाचा मनापासून त्रास व्हायला लागला. त्यांना बायको बोटीवर हवी होती. उगाच आडवळणाने कशाला सांगायचं, एवढंच होतं.

म्हणून एका सकाळी त्यांनी हळूच विचारलं, “वास गेला तर येशील?”

“बघू,” बायको म्हणाली.

पस्तीस वर्षांच्या संसारात कप्तानांनी या ‘बघू’चा बराच अभ्यास केलेला होता. ‘बघू या’ म्हणजे नाही. ‘बघू नंतर’ म्हणजे अजिबात नाही. पण नुसतं ‘बघू’, शेवटी पूर्णविराम असलेलं, हे होकाराच्या अगदी शेजारी राहतं. कप्तान त्याच दिवशी कामाला लागले.

धक्क्यावर कप्तानांच्या शेजारची बोट एका दंतवैद्यांची होती. धक्क्यावर सगळे त्यांना डॉक्टर म्हणत. हा मनुष्य आठवडाभर लोकांच्या तोंडात हात घालून असायचा, त्यामुळे समोरच्याला उत्तर देता येत नाही याची त्याला सवय होऊन गेलेली. सल्ला सुरू झाला की तो एकदम कवळी बसवूनच थांबायचा.

“गॅस?” डॉक्टर म्हणाले. “कप्तान, रॉकेल सांडलं तर दिसतं. गॅस सांडला तर दिसत नाही. हवेपेक्षा जड असतो तो, खाली जाऊन बसतो. घरात दाराखालून निघून जाईल. बोटीला खाली दार असतं का?”

“नसतं,” कप्तान म्हणाले.

“असलं तर बुडेल. म्हणजे बोट म्हणजे काय झालं? वाडगं. त्यात गॅस साठणार. तुम्ही काडी ओढणार. मग माझी बोट शेजारी आहे, मला काळजी आहे.”

डॉक्टरांचं म्हणणं असं की सिलिंडर खोलीत ठेवायचाच नाही. बाहेर, मागच्या बाजूला, घट्ट झाकणाच्या पेटीत ठेवायचा, आणि पेटीच्या तळाला एक भोक पाडून ते बोटीच्या कुशीतून बाहेर काढायचं. गॅस गळलाच तर त्या भोकातून पाण्यावर जाईल आणि पाण्याचं पाणी बघून घेईल. हे म्हणणं शंभर टक्के बरोबर होतं. डॉक्टरांच्या सल्ल्यांचा हाच त्रास होता. ते बरोबर असायचे आणि लगेच अमलात यायचे. कप्तान ‘विचार करतो’ म्हणायच्या आत डॉक्टर स्वतःचं ड्रिल घेऊन आले.

सुदैवाने ते दवाखान्यातलं नव्हतं. तरी भोक पाडताना डॉक्टर सवयीने “दुखलं तर हात वर करा” असं पुटपुटलेच.

भोक उत्तम पडलं. गोल, गुळगुळीत, पाण्याच्या चांगलं चार बोटं वर. दोघांनी ते आतून पाहिलं. मग ते बाहेरून कसं दिसतं हे पाहायला दोघंही बोटीच्या मागच्या टोकाला जाऊन वाकले. आता कप्तान आणि डॉक्टर मिळून दोन भरभक्कम मध्यमवयीन देह एकाच टोकाला गेल्यावर बोटीने काय करावं? ती मागे कलली, भोक पाण्याखाली गेलं आणि पेटीत शांतपणे पाणी यायला लागलं.

“येतंय,” डॉक्टर म्हणाले.

“दिसतंय,” कप्तान म्हणाले.

“कापूस आणू?”

शेवटी ते भोक लाकडाची खुंटी ठोकून बुजवलं आणि एक वीत वर दुसरं पाडलं. मग दुसरं भोक वर आणि पेटीचा तळ खाली अशी गत झाली, म्हणून पेटीत दोन फळ्या टाकून तळच वर उचलून घेतला. मग मापाप्रमाणे सिलिंडर वर येणार आणि पेटीचं झाकण बसणार नाही असं निघालं, म्हणून झाकणाला वरून एक टोपी केली. आता लांबून पाहिलं की बोटीच्या मागे कोणीतरी टोपी घालून बसलंय असं वाटायचं. धक्क्यावरचे दोघेतिघे तिकडे बघून हात हलवूनही गेले.

शेगडी बसवणं त्यामानाने सोपं गेलं. कप्तानांनी कोपऱ्याचं माप पाच वेळा घेतलं, कागदावर लिहिलं, ‘रुंदी’तला रु नीट ऱ्हस्व आहे ना तेही पाहिलं, आणि दोन बर्नरची छान चकचकीत शेगडी आणली. ती कोपऱ्यात अगदी चपखल बसली. फक्त तिचे कान, म्हणजे पुढच्या दोन चकत्या, मापात धरायचे राहिले होते. ते नेमके शिडीच्या शेवटच्या पायरीला लागायचे. वरून उतरणाऱ्या माणसाच्या नडगीने डावा बर्नर चालू व्हायचा आणि चढणाऱ्याच्या नडगीने बंद. सोय म्हणून वाईट नव्हती, पण डॉक्टर ‘चालणार नाही’ म्हणाले. पायरी कापावी लागली. तेव्हापासून बोटीत उतरताना शेवटी छोटीशी उडी मारावी लागते.

अर्धा दिवस म्हणता म्हणता तीन आठवडे झाले होते, आणि अजून गॅसचा पत्ता नव्हता.

गॅसच्या कचेरीत खिडकीपलीकडे एक बाई बसल्या होत्या. चष्मा नाकाच्या टोकावर, शिक्का उजव्या हाताला. त्यांनी अर्ज पुढे ओढला.

“दरवाजा क्रमांक?”

“दरवाजा नाही. झाकण आहे.”

“मजला?”

“एक पाण्याच्या वर, अर्धा खाली.”

बाईंनी चष्म्यावरून बघितलं. “घर हलतं का?”

इथे कप्तानांनी गप्प बसायला हवं होतं. पण बोटीचा विषय निघाला की माणूस खुलतो. “हलतं म्हणजे काय,” ते छाती पुढे काढून म्हणाले, “वारा चांगला असला तर कापत जातं!”

“हलणाऱ्या ठिकाणी मिळत नाही. स्थावर पाहिजे. जागची हलत नाही असा बंदर कचेरीचा दाखला आणा. पुढचे या.”

कप्तानांच्या वर्मी घाव बसला. माणसाने आपली बोट हलत नाही असा दाखला मागायला जायचं, म्हणजे गवयाने आपल्याला गाता येत नाही असं लिहून आणण्यासारखं. पण ‘बघू’ डोळ्यांपुढे होतं. ते बंदर कचेरीत गेले. इथे पंधरा दिवस तरी लागतील, चौकशी होईल, आपण ‘तसं अगदीच हलत नाही असं नव्हे’ वगैरे बोलू, अशी त्यांची अपेक्षा होती. तिथल्या कारकुनाने एक जाडजूड नोंदवही काढली, पानं उलटली, बोट फिरवलं आणि म्हणाला, “गेल्या अकरा वर्षांत धक्का सोडल्याची एकही नोंद नाही. लगेच देतो.”

चार मिनिटांत दाखला हातात.

“म्हणजे तसं नाही,” कप्तान म्हणाले. “मी दोर सोडतो बरं का दर रविवारी.”

“आणि?”

“मग... बांधतो.”

“तेच लिहिलंय,” कारकून म्हणाला.

खरं म्हणजे एकट्याने शीडही सांभाळायचं आणि सुकाणूही धरायचं, हे कप्तानांच्याने व्हायचं नाही. दुसरं माणूस लागायचं. पण हे काही दाखल्यात लिहिण्यासारखं नव्हतं. त्यांनी तो कागद वाचला. ‘प्रमाणीत करण्यात येते की’. लाल पेन आपोआप बाहेर आलं आणि प्रमाणीतमधली दुसरी वेलांटी पहिली झाली. खाडाखोड केलेला दाखला चालत नाही, असं सांगून कारकुनाने तो फाडला आणि दुसरा लिहायला घेतला. त्याला मात्र सव्वा तास लागला, आणि त्यातही ‘प्रमाणीत’च होतं. कप्तानांनी पेन खिशात दाबून धरलं आणि निघाले.

गॅसच्या कचेरीतल्या बाईंनी दाखला लावून घेतला आणि दुसरी अडचण काढली. “तुमच्या घरी गॅस आहे. एका कुटुंबाला एकच मिळतो.”

“म्हणजे नाहीच मिळणार?”

“मिळतो की. हे छापील पत्र आहे. वाचून सही करा, खाली दोन शेजाऱ्यांच्या सह्या आणा. मग आमचे तपासनीस येऊन बघून जातील.”

आता ‘वाचून सही करा’ हे एकतीस वर्षं मुद्रितं तपासलेल्या माणसाला सांगायचं म्हणजे माशाला पोहून दाखव म्हणण्यासारखं झालं. कप्तानांनी चष्मा पुसला आणि तो मजकूर तीन वेळा वाचला. मजकूर असा होता:

‘मी खाली सही करणार लिहून देतो की, वर नमूद केलेल्या ठिकाणी माझी वेगळी चुल असून घरच्या चुलीशी माझा कोणत्याही प्रकारे संबंध राहिलेला नाही.’

कप्तानांचे डोळे चमकले. सापडली! ‘चुल’! छापील पत्रात, शेकडो प्रतींत, राजरोस ऱ्हस्व! त्यांनी लाल पेनाने तो उकार दीर्घ केला, बाजूला आपली आद्याक्षरं टाकली, खाली झोकात सही केली आणि कागद खिडकीतून आत दाखवला.

“चूल दीर्घ,” ते प्रेमाने म्हणाले. “पण पुढे ‘चुलीशी’ आहे ते बरोबर, ते ऱ्हस्व. एकदा लक्षात आलं की सोपं असतं.”

बाईंनी त्यांच्याकडे पहिल्यांदाच जरा माणुसकीने पाहिलं. “तुम्ही फारच शांतपणे घेतलंत हो,” त्या म्हणाल्या. “बाकीची माणसं इथे सही करताना रडतात.”

ऱ्हस्वदीर्घासाठी रडणारी माणसं अजून जगात आहेत हे ऐकून कप्तानांना भरून आलं. ते जवळजवळ गुणगुणतच घरी आले.

मुद्रितशोधक हा प्राणीच असा असतो. त्याला अक्षरं दिसतात, मजकूर दिसत नाही. कप्तानांनी पूर्वी एक अख्खी रहस्यकथा चार वेळा तपासली होती, आणि खून कोणी केला असं बायकोने विचारल्यावर ‘खुनी ऱ्हस्व’ एवढंच सांगू शकले होते.

पहिली सही डॉक्टरांची झाली. ते न वाचताच सही करतात आणि ती सही दुसऱ्या कोणालाही वाचता येत नाही. दुसरी सही तळमजल्यावरच्या काकूंची घ्यायची होती. काकूंना ऱ्हस्वदीर्घाचं काही नव्हतं. त्यांनी सरळ मजकूर वाचला. वाचता वाचता त्या खुर्चीत बसल्या.

“कधीपासून चाललं होतं हे?” काकूंनी खालच्या आवाजात विचारलं.

“अकरा वर्षं झाली की,” कप्तान म्हणाले.

“अकरा! आणि आम्हाला पत्ता नाही!”

“तुम्हाला कसा लागणार, तुम्ही धक्क्यावर कुठे येता. पण जुनीने फार छळलं हो. जरा पेटली की भडका. समजूत घालून शांत करावी, तर पुन्हा पहिल्यापासून. जवळ जायची सोय नाही.”

काकूंनी पदर तोंडाला लावला. कप्तानांना वाटलं त्यांना रॉकेलचा वास आठवला असणार.

“म्हणून म्हटलं आता बदलूनच टाकू. नवीन आणलीय. इतकी शांत आहे म्हणून सांगू! नुसता कान पिळला की झालं.”

“नवीन!” काकू म्हणाल्या. “ती... बोटीवर राहते?”

“मग? घरी कशी आणणार? घरी एक आहे ना.”

“आणि वरती हिला माहिती आहे का सगळं?”

“बदलतोय एवढं माहिती आहे. अजून बघितलेली नाही. सगळं जमलं की एकदम नेऊन दाखवणार आहे. खूश होईल.”

काकूंनी सही केली. त्या दिवसापासून त्या कप्तानांशी बोलेनाशा झाल्या आणि बायकोवर मात्र नको इतकी माया करायला लागल्या. जिन्यात भेटल्या की तिचा हात हातात घेऊन नुसत्या उभ्या राहायच्या. संध्याकाळी वाटीभर सूप पाठवायच्या, तेही एकाच माणसापुरतं. दोन दिवसांत इमारतीतल्या सगळ्या बायका तिच्याशी हळू आवाजात बोलायला लागल्या.

“मला काही झालंय का?” बायकोने तिसऱ्या दिवशी विचारलं. “डॉक्टरांनी तुम्हाला वेगळं बोलावून काही सांगितलं नाही ना?”

“छे,” कप्तान म्हणाले. “दातांचे आहेत ते.”

तपासनीस रविवारी सकाळी दहाला येणार होते. कप्तान आठलाच बोटीवर हजर झाले. शेगडी पुसली, दोन्ही कप धुतले आणि दुसरा कप आज पहिल्यांदा सुलटा ठेवला. तपासणी एकदा उरकली की घरी जाऊन बायकोला घेऊन यायचं, असा त्यांचा बेत होता. दहा वाजले, सव्वादहा झाले. साडेदहाला धक्क्याच्या टोकाला तपासनीस दिसले. दणकट बांध्याचा माणूस, एका काखेत फाईल, दुसऱ्या हातात तपासणीचा लहान सिलिंडर, आणि नाकाला रुमाल. आणि त्यांच्या शेजारून चालत येत होती ती कप्तानांची बायको.

अकरा वर्षांनी ती या फळ्यांवरून चालत येत होती. कप्तानांना इतका आनंद झाला की ते उठून उभेच राहिले आणि डोक्याला टेंगूळ आलं. टेंगूळ चोळत ते वर आले तेव्हा बायको धक्क्यावर उभी होती. तिच्या हातात एक कागद होता. आवाज नेहमीसारखाच शांत होता, आणि कप्तानांना याच आवाजाची भीती वाटते.

“हे गृहस्थ आधी घरी आले होते,” ती म्हणाली. “पडताळणीला. मला विचारत होते, मालक वेगळे राहायला लागून किती दिवस झाले. तळमजल्यावरच्या काकू नेमक्या आल्या होत्या. त्या म्हणाल्या, अकरा वर्षं.”

“अगं, कोण वेगळं राहतं?”

“तुम्ही. सही आहे तुमची.” तिने कागद वाचायला सुरुवात केली. “‘माझी वेगळी चूल असून घरच्या चुलीशी माझा कोणत्याही प्रकारे संबंध राहिलेला नाही.’ वर दीर्घसुद्धा करून ठेवलंय, लाल शाईने.”

कप्तानांनी तो मजकूर आयुष्यात पहिल्यांदा ऐकला. वाचला तीनदा होता, ऐकला आत्ता. वेगळी चूल. घरादारात, चारचौघांत, या दोन शब्दांचा अर्थ काय होतो हे शाळकरी पोरही सांगेल. चूल आणि चूक यांत एका अक्षराचा फरक, आणि ती नेमकी त्यांच्याच नजरेतून सुटली होती. त्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

“अगं, मी फक्त ऱ्हस्वदीर्घ बघितलं,” ते कसंबसं म्हणाले.

“ते माहितीये मला,” बायको म्हणाली. “म्हणूनच रिक्षाने आले, नाहीतर माहेरी फोन केला असता.”

तपासनिसांनी रुमालात शिंकून घेतलं. “मला इथली चूल बघायचीय,” ते म्हणाले. “ती वेगळी निघाली तर मंजूर, नाही तर अर्ज रद्द. आणि खोटं लिहून दिलं असेल तर घरचाही बंद होईल.”

ही नवीनच बातमी होती. दोन्ही चुली जायची वेळ आली. कप्तान बाजूला झाले. तपासनिसांनी लहान सिलिंडर मागच्या पेटीत ठेवून जोडला, मग ते शिडीवरून उतरले, शेवटची पायरी नव्हती तिथे धपकन आदळले, आणि बोटीने एक लांब उसासा टाकला. मागोमाग बायको उतरली. तिने मात्र कापलेली पायरी आधीच बघून घेतली आणि अलगद उडी मारली.

तपासनिसांनी नळी ओढून पाहिली, सांध्यांना साबणाचा फेस लावला आणि खोलीतल्या अंधुक उजेडात डोळे बारीक करून पाहिलं. “बुडबुडा दिसत नाही. वास येतोय का कुणाला? मला सर्दी आहे.”

“मला नाही येत,” कप्तान म्हणाले. अकरा वर्षं रॉकेलच्या सहवासात काढलेलं नाक ते, त्याला आता काय येणार?

“इथे येतोय,” बायको म्हणाली. ती शेगडीच्या मागच्या कोपऱ्यात वाकली होती. “या वळणापाशी. बारीक आहे, पण आहे.”

तपासनिसांनी तिथे पुन्हा फेस लावला. एक छोटासा बुडबुडा आला, फुगला आणि फुटला. त्यांनी मुकाट्याने पाना काढला, पट्टा आवळला, पुन्हा फेस लावला. आता काही नव्हतं. बायकोने पुन्हा वास घेतला आणि मान हलवली. तपासनिसांच्या नजरेत तिच्याबद्दल आदर दिसू लागला.

“बघ,” कप्तान घाईघाईने म्हणाले. “रॉकेलही गेलं, गळतीही गेली. आता वास म्हणून नाही. हे सगळं त्यासाठीच केलं मी. तू म्हणाली होतीस ना, तो वास सोसत नाही म्हणून.”

बायको बाकावर बसली. समोर सुलटा ठेवलेला दुसरा कप होता. तिने तो उचलून पाहिला, परत ठेवला.

“वासाचं कसलं घेऊन बसलात,” ती म्हणाली. “वासाने कोणी अकरा वर्षं लांब राहतं का? तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून वासाचं नाव सांगितलं मी. तुम्ही वर सुकाणू धरून बसायचात आणि मी खाली पंप मारत असायची. तुमचा चहा, तुमच्या पाहुण्यांचा चहा, मग जेवणाचं, मग पुन्हा चहा. वरून हाका मारायचात, ‘अगं, लवकर ये, पक्षी बघ केवढे!’ मी येईपर्यंत पक्षी गेलेले. पाच वेळा आले मी या बोटीवर, आणि पाण्याकडे धड एकदाही बघितलं नाही. घरी चूल, इथे चूल. चूलच बघायची तर मग घरची काय वाईट होती?”

 चार आठवडे, दोन भोकं, एक पायरी, दोन कचेऱ्या आणि तळमजल्यावरच्या काकूंची मैत्री, हे सगळं त्यांनी दुसऱ्याच चुकीवर खर्च केलं होतं. खरी चूक अकरा वर्षांपूर्वी वरून हाका मारत बसली होती आणि त्यांना ती दिसली नव्हती. त्यांना फार वाईट वाटलं.

“माझ्या लक्षात आलं नाही गं,” ते म्हणाले.

“ते दिसलंच,” बायको म्हणाली, पण आवाज जरा मऊ झाला होता. मग ती तपासनिसांकडे वळली. “लिहा तुम्ही. घरची चूल माझी, ही यांची. घरच्या चुलीशी यांचा संबंध तसाही कधी नव्हताच, त्यामुळे ते वाक्यही खरंच आहे. आणि या चुलीला मी आजपासून हात लावणार नाही. इथे मी पाहुणी. बोला, वेगळी झाली की नाही?”

तपासनिसांनी विचार केला. शिंकले. पुन्हा विचार केला. “नियमात बसतं,” ते म्हणाले, आणि गुडघ्यावर फाईल ठेवून शेरा लिहायला लागले.

बायको शिडी चढून वर गेली. खाली तिच्या चपलांचा आवाज आला, मग ती पुढच्या टोकाला जाऊन बसल्याचं बोटीच्या झुकण्यावरून कळलं. तपासनीस सिलिंडर पेटीत जोडलेला ठेवून, कागदाची प्रत कप्तानांच्या हातात देऊन, धापा टाकत वर चढले. जाताजाता धक्क्यावरून वाकून म्हणाले, “जागची हलत नाही असा दाखला आहे हं तुमचा.”

“तुम्ही त्या कोपऱ्यावरून वळलात की हलेल,” वरून बायकोचा आवाज आला. “दोर कुठला सोडायचा हो आधी?”

कप्तानांनी खालूनच सांगितलं, पुढचा आधी, मग मागचा. दुसरं माणूस मिळालं होतं. मग त्यांनी शेगडीचा कान पिळला. निळी ज्योत मुकाट्याने उभी राहिली. पाणी ठेवलं. साखर किती घालायची हे त्यांना ठाऊक नव्हतं. पस्तीस वर्षांत ती माहिती कधी लागलीच नव्हती. त्यांनी अंदाजाने दोन चमचे टाकले, आणि पाणी उकळेपर्यंत शेऱ्याचा कागद उजेडाकडे धरला.

तपासनिसांनी गोलगोल अक्षरात लिहिलं होतं: ‘समक्ष पाहणी केली. चुल वेगळी. कुटूंब एकच. मंजूर.’

चूल ऱ्हस्व आणि कुटुंबाचा टु दीर्घ. एका ओळीत दोन. कप्तानांनी खिशातून लाल पेन काढलं, टोपण उघडलं आणि कागद गुडघ्यावर पसरला.

“अहो!” वरून हाक आली. “या ना लवकर, केवढे पक्षी आहेत बघा!”

कप्तानांनी पेनाला टोपण लावलं. दोन्ही चुका तशाच ठेवून त्यांनी चहा गाळला, दोन्ही कप हातात घेतले, आणि वर गेले तेव्हा पक्षी निघून गेले होते.